खैरदऱ्याची साडेनऊची गाडी

ही दोन हजार तेवीस सालची गोष्ट. मार्चमध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि धुळ्याच्या बसस्थानकावर कधी नव्हत्या एवढ्या बायका दिसू लागल्या. कोणी माहेरी निघालेली, कोणी देवाला, कोणी नुसतीच. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता आणि ऑगस्ट सगळा कोरडा गेला. कपाशी माना टाकून उभी होती. ढग यायचे नि वाट चुकल्यासारखे पुढे निघून जायचे. कोणाच्याच जिवाला चैन नव्हतं. कोकिळाबाईंच्याही नव्हतं, पण त्यांना पावसाची काळजी नव्हती. त्यांना काळजी होती खैरदऱ्याच्या साडेनऊच्या गाडीची.

कोकिळाबाई देवपुरात राहायच्या. वय एकाहत्तर. सदतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली, त्यामुळे निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी कॉलनीत त्या ‘सिस्टर’च होत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा भूषण सुरतेला. घरात एकट्या, पण एका जागी बसलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. चहा उभ्यानेच प्यायच्या आणि दर दोन घोटांनी मनगटावरच्या घड्याळात बघायच्या. ड्यूटीची सवय आहे, असं सांगायच्या.

दर मंगळवारी त्या साडेनऊच्या गाडीने खैरदऱ्याला जात. सोनगीर, मग नरडाणा, त्यापुढे फाटा, आणि फाट्यापासून सात किलोमीटर आत एका उघड्याबोडक्या बरडीच्या पायथ्याशी गाव. ते त्यांचं माहेर. तिथे थोरली बहीण भिकुबाई एकटी राहत होती. भिकुबाईचं लग्न होऊन दोन वर्षांत नवरा वारला, ती परत आली ती कायमची. आईबाप तिनेच सांभाळले, शेळ्या तिनेच राखल्या, आणि धाकटीला शिकायला धुळ्याला पाठवा म्हणून बापाशी भांडलीही तीच. आता ब्याऐंशी वर्षांची होती. धुळ्याला चल म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, घरात कानबाईचं, आपल्या कुळदेवीचं पूजेतलं नारळ आहे, ते सोडून कोठे येऊ?

गाडी अकराला पोचायची आणि दुपारची फेरी पावणेचारला परत निघायची. मधले पावणेपाच तास दोघी बहिणींचे. पण त्या पावणेपाच तासांतही कोकिळाबाईंचे हात रिकामे नसत. रक्तदाब बघ, गोळ्या डबीत भर, नखं काप, डोकं धुऊन दे, मडक्याच्या तळातला गाळ काढ. भिकुबाई सगळं करून घ्यायची आणि म्हणायची, “तू भेटाले येस का सुई टोचाले?”

तीन वाजले की कोकिळाबाई पिशवी आवरायला लागायच्या.

“आज ऱ्हाई जाय ना व. कसाले पळस?”

“कपडे आणले नाहीत, अक्का.”

“मनं लुगडं नेस.”

“पुढच्या वेळी.”

हे उत्तर त्यांनी इतकी वर्षं दिलं होतं की आता विचारण्यातही जोर नव्हता आणि नाही म्हणण्यातही. खरं कारण वेगळंच होतं. एकोणनव्वद साली आई आजारी होती, तेव्हा कोकिळाबाई दोन दिवस येऊन राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी रात्रपाळी होती म्हणून त्या दुपारच्या गाडीने परत गेल्या, आणि आई त्याच रात्री गेली. त्यानंतर त्या घरात त्या एकही रात्र राहिल्या नाहीत. चौतीस वर्षं झाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर बहीण त्या रात्रीचं काही बोलेल, याची त्यांना भीती वाटायची. दिवसा ते बोलणं निघत नसे. दिवसा पावणेचारची गाडी असायची.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी गाडीत त्यांच्याजवळ येऊन दिपमाला बसली. दिपमाला म्हणजे त्या गाडीची कंडक्टर. तिशीतली पोरगी, मशीन गळ्यात, तोंडात बडीशेप.

“आजी, एक सांगते. माझं नाव कुठे घेऊ नका. दिवसाच्या या दोन्ही फेऱ्या काढायचं चाललंय.”

“काढायचं म्हणजे?”

“बंद. भारमान नाही ना. चव्वेचाळीस सीटा आहेत नि बसतात किती? आज मोजा. अकरा. त्यातल्या दोन कोंबड्या.”

“मग माणसांनी यायचं-जायचं कसं?”

“मुक्कामी गाडी राहील. संध्याकाळी सहाला इथून जाते, रात्री तिकडेच असते, पहाटे सहाला निघते. तिला शाळेची पोरं आहेत, दूध आहे, ती नाही काढणार. बाकी सप्टेंबरभर आकडे बघतील आणि ठरवतील.”

कोकिळाबाईंनी मनात हिशेब केला. मुक्कामी गाडीने जायचं म्हणजे रात्र तिथे काढायची. भूषणला फोन केला तर तो म्हणाला, “आई, भाड्याची गाडी करून जात जा ना, मी पैसे पाठवतो.” तेही त्यांनी एकदा करून बघितलं होतं. तासाभरात ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला होता आणि भिकुबाईने त्याला आत बोलावून जेवायला वाढलं होतं. सगळा वेळ त्याच्याच खानदानाची चौकशी करण्यात गेला. शिवाय दर आठवड्याला कोणाच्या तरी ताब्यात जायचं, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. एसटी कोणाची नसते, म्हणून आपली असते, असं त्यांना वाटायचं.

तीन दिवस त्यांना झोप आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी पांझरा नदीच्या काठी फिरायला गेल्या आणि तिथे त्यांना एक कल्पना सुचली.

त्या काठावर सकाळी फिरणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक मेळा होता. शालिग्राम सर त्याचे पुढारी. ते एका शाळेचे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले, उंच, टोपी घालणारे, आणि नियमांचे पक्के. दर आठवड्याला एक डोंगर असा त्यांचा क्रम होता, आणि अट अशी की जायचं एसटीने, चालायचं पायाने, जेवायचं डब्यातलं आणि यायचं एसटीने. लळिंग दोनदा झाला होता, सोनगीर तीनदा.

“आता कुठे न्यायचं यांना?” सर त्या दिवशी म्हणत होते. “धुळ्याच्या आसपासचे डोंगर संपत आले.”

“खैरदऱ्याची बरडी बघितली का?” कोकिळाबाई म्हणाल्या.

“नाव नाही ऐकलं.”

“माथ्यावर पाण्याचं टाकं आहे. जुनं. आणि तिथून लांबवर तापी दिसते. मोर तर काय विचारू नका. साडेनऊला गाडी, पावणेचारला परत. मंगळवारी चला, रविवारी गर्दी असते.”

कोकिळाबाई त्या बरडीवर जन्मात चढल्या नव्हत्या. लहानपणी ते शेळ्या राखणाऱ्या पोरांचं काम, आणि नंतर वर जायला होतंच काय? पण तोंडातून टाकं निघालं, तापी निघाली, मोर निघाले, आणि आपण एवढं सहज खोटं बोलू शकतो याचंच त्यांना नवल वाटलं.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी फलाटावर तेरा जण जमले. दिपमालाने एकेकाला तिकीट देताना कोकिळाबाईंकडे बघून भुवया उडवल्या.

“पंच्याहत्तरच्या पुढचे चौघं आहेत,” कोकिळाबाईंनी हळूच विचारलं, “फुकटवाले मोजतात का ग?”

“मोजतात. मशीन त्यांचंही तिकीट काढतंच.”

अकरा वाजता गाव आलं. गाडीतून एवढी शहरी माणसं उतरलेली बघून पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. कोकिळाबाईंनी मंडळींना पायवाट दाखवली आणि गुडघ्याचं निमित्त करून त्या बहिणीकडे गेल्या.

भिकुबाई दारातच होती. “इतला लोकेस्ले कसाले लई उनी?”

“डोंगर बघायला आलेत.”

“तठे काय शे? बठ्ठा दगडं शेतस.”

त्या दिवशी कोकिळाबाईंच्या हातून रक्तदाबही धड मोजला गेला नाही. सारख्या दारात येऊन बरडीकडे बघत होत्या. पाऊस नसल्यामुळे ती भाजलेल्या भाकरीसारखी तपकिरी दिसत होती. एवढी माणसं ऊन खाऊन खाली येणार, तोंडावर काही बोलणार नाहीत, आणि पुढच्या मंगळवारी एकही येणार नाही. भिकुबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत सगळं बघत होती. “भवरासारखी फिरी ऱ्हायनी,” ती म्हणाली. “बैस जरा.”

तीनला मंडळी उतरली ती हसत. पलीकडच्या उतारावर त्यांना ठेलाऱ्यांचा वाडा भेटला होता. मेंढरांच्या कळपाबरोबर फिरणाऱ्या त्या माणसांनी सगळ्यांना दगडांवर बसवून मेंढीच्या दुधाचा चहा पाजला होता, आणि एका म्हातारीने सरांच्या टोपीला नावं ठेवली होती. वर वारा होता. शहरात कोणाला मिळत नाही एवढी शांतता होती. सर म्हणाले, “सिस्टर, इतके दिवस लपवून ठेवलंत की हो.”

सविता बैसाणे तेवढी मागे राहिली. ही ग्रामसेविका म्हणून निवृत्त झालेली, चौसष्ट वर्षांची, गावोगाव फिरून माणसाच्या चेहऱ्यावरून अर्ज ओळखायला शिकलेली. कोकिळाबाईंशी तिचं चांगलं जमायचं.

“ताई, टाकं नाही वर.”

“नाही?”

“एक खड्डा आहे. त्यात म्हैस बसली तर शिंगं बाहेर राहतील. सरांनी सांगितलं, प्राचीन टाकं असणार, गाळाने भरलंय. आता त्यांच्या डोक्यात गाळ काढायचं आहे.”

“आणि तापी?”

“तापी कुठल्या बाजूला आहे यावर दोघांचं भांडण झालं.” सविता थांबली. “तुम्ही वर गेलेल्याच नाहीत ना कधी?”

कोकिळाबाईंनी घड्याळ बघितलं. “चल, गाडी लागली असेल.”



पुढचे तीन आठवडे कोकिळाबाई झपाटल्यासारख्या वागल्या. दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणींना फोन केले. भजनी मंडळाच्या बायकांना सांगितलं की बरडीवर देवीचा तांदळा आहे. तो मात्र खरंच निघाला, एका निंबाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. मंगळवारबरोबर शनिवारही सुरू झाला. गाडीत पंचवीस, अठ्ठावीस, एकदा तर चौतीस. मध्येच पाऊस झाला आणि बरडीला चार बोटं गवत आलं, ते त्यांना स्वतःच्या कर्तबगारीसारखं वाटलं. पण जिवाला स्वस्थता नव्हती. फलाटावर तासभर आधी जाऊन उभ्या राहायच्या. कोण आलं, कोण राहिलं, कोणाला फोन करायचा. खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्यांशी भांडायच्या. परतीच्या वेळी अडीचपासूनच “गाडी, गाडी” सुरू. एखादा माणूस वर रेंगाळून गाडी चुकवून बसला आणि टेम्पोने परत गेला, तर एक तिकीट कमी व्हायचं. त्यांची ही तगमग मंडळींच्या लक्षात आली. त्यांना वाटलं, बिचाऱ्या सिस्टरना गाडी चुकायची भीती वाटते, या वयात एसटीची धावपळ झेपत नाही.

सव्वीस सप्टेंबर, मंगळवार. गणपतीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी दिपमालाचा फोन आला होता. “आजी, उद्या डेपोचे साहेब स्वतः गाडीत असतील. मंगळवार-शनिवारचे आकडे वाढलेत, निदान ते दोन दिवस गाडी ठेवायची का हे बघायला येणार आहेत. माणसं आणा.”

कोकिळाबाईंनी सतरा जणांना पुन्हा पुन्हा बजावलं, आणि साडेआठलाच रिक्षा करून बसस्थानकावर गेल्या. नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. फलाटावर ओळखीचं एक तोंड नाही. गाडी लागली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एक चष्म्यातला माणूस मांडीवर फाईल घेऊन बसला होता. कोकिळाबाई चढल्या तेव्हा गाडीत त्यांना धरून सात जण होते. फोन लावले तर कोणी उचलेना. साडेनऊला भाईदास ड्रायव्हरने गाडी काढली. दिपमालाने त्यांच्या हातात तिकीट ठेवलं आणि मान फिरवली.

नगाव गेलं तेव्हा सरांचा फोन आला. मागे हसण्याचा गलका ऐकू येत होता.

“सिस्टर, अहो कुठे तुम्ही? आम्ही घरी आलो तर कुलूप.”

“मी गाडीत आहे. तुम्ही कुठे आहात?”

“सोनगीरला चहा घेतोय. तुमच्यासाठी ट्रॅव्हलर केली आज. एसी आहे. माझा नियम मोडला तुमच्यापायी. आता गाडी चुकायची काळजी नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा निघायचं. तुम्ही फाट्यावर उतरा, आम्ही घेतो तुम्हाला.”

समोर तो चष्म्यातला माणूस फाईलमध्ये काहीतरी लिहीत होता. बोलायचं तर त्याच्यासमोर, सगळ्या गाडीसमोर बोलायला लागणार होतं. न बोलावं तर फाट्यापर्यंत सगळं संपलेलं असणार होतं.

“सर, चहा खाली ठेवा,” त्या म्हणाल्या. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना बोलायच्या तो आवाज. “सगळ्यांना त्या ट्रॅव्हलरमधून उतरवा. ही एसटी आता सोनगीरला येतेय. सतराच्या सतरा जणांनी हात दाखवायचा आणि हिच्यात चढायचं.”

“का बरं?”

“ही फेरी बंद होणार आहे. गाडीत माणसं दिसायला पाहिजेत. म्हणून मी तुम्हाला आणत होते महिनाभर. बरडीवर काही नाही, सर. टाकं नाही, काही नाही. मी कधी वर गेलेही नव्हते. माझी बहीण आहे खैरदऱ्यात.”

मग सर म्हणाले, “म्हणजे आम्ही तुमच्या गाडीतली पोती.”

फोन बंद झाला. गाडीत सगळे कोकिळाबाईंकडे बघत होते. कोंबडी घेऊन बसलेल्या बाईने कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, “बहीण शे तिनी तठे.” चष्म्यातल्या माणसाने लिहायचं थांबवलं होतं.

सोनगीरच्या थांब्यावर ट्रॅव्हलर उभी होती, पांढरी, पडदे लावलेली. तिच्याशेजारी मंडळी उभी होती. सविताने हात दाखवला. ती चढली, तिच्यामागे एकेक करून दहा जण चढले. बाकीचे सहा जण उभेच राहिले, सर त्यांच्यात पुढे, टोपी हातात. सविता धपकन शेजारी बसली.

“आधी सांगायचं ना, ताई. मी माझी अख्खी भावकी आणली असती.”

“सर?”

“सर रागावलेत. टाक्यावर त्यांनी सहा पानं लिहिली होती.”

एसटी निघाली आणि तिच्यामागून ती ट्रॅव्हलर पडदे लावून येत राहिली. नरडाणा गेल्यावर चष्म्यातला माणूस उठून त्यांच्या सीटजवळ आला. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही.

“मावशी, धुळे ते सोनगीर सात, सोनगीरपासून अठरा. मी जे दिसलं ते लिहिणार.”

“लिहा.”

“पण हे तुम्ही बोलावलेले लोक. उद्या तुम्ही नसलात तर या गाडीत कोण बसेल?”

“मी नसले तर मला गाडी कशाला लागते?”

तो हसला नाही. “मला तुमच्या एकटीसाठी गाडी लिहिता येत नाही, मावशी,” तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. कोकिळाबाईंना कळायचं ते कळलं. इतक्या वर्षांत डॉक्टरांचे चेहरे त्यांनी बरेच वाचले होते.

गावात उतरल्यावर त्या बहिणीच्या घराकडे वळल्या तर सविताने दंड धरला.

“आता वर चला. दहा वेळा आम्हाला पाठवलंत.”

“माझे गुडघे...”

“गुडघे माझेही गेलेत. चला.”

त्या चढल्या. थांबत, बसत, पदराने तोंड पुसत, चाळीस मिनिटांची वाट त्या दीड तासात चढल्या. वर खरंच काही नव्हतं. तो खड्डा होता आणि पावसाने त्यात हातभर पाणी आलं होतं. उत्तरेकडे झाडांच्या रेघेपलीकडे काहीतरी चमकत होतं, ते तापी असेल किंवा कोणाच्या शेततळ्याचा कागद. कोकिळाबाईंनी गावाकडे बघितलं. एवढंसं गाव. आपल्या घराचे पत्रे त्यांनी ओळखले. अंगणात भिकुबाई होती, मुठीएवढी. ती शेळीला पाला टाकायची, मग ओट्यावर बसायची, मग उठून रस्त्यापर्यंत यायची, डोळ्यांवर हात धरून उभी राहायची आणि परत जायची. असं तिने किती वेळा केलं हे कोकिळाबाईंनी मोजलं नाही, पण त्या बघत राहिल्या. आपण घरात असतो तेव्हा ती आपल्याला नुसती बसलेली दिसते. आपण नसतो तेव्हा ती अशी फिरते, हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

उतरायला उशीर झाला. पावणेचारची गाडी सगळे पायवाटेवर असतानाच निघाली. दिपमालाने थोडा वेळ थांबवली असावी, भाईदास हॉर्न देत राहिला होता, पण साहेब गाडीत असताना ती तरी किती थांबवणार?

खाली पाराजवळ ट्रॅव्हलर उभी होती. सर दारात. त्यांनी कोकिळाबाईंकडे न बघता म्हटलं, “बसा सगळे. सिस्टर, तुम्ही पुढे बसा, पाय लांबवता येतील.”

“सर, चुकलं माझं.”

“चुकलंच. बसा.”

मंडळी बसली. सविताने हात पुढे केला. कोकिळाबाईंनी एक पाय पायरीवर ठेवला होता, तो त्यांनी खाली घेतला.

“तुम्ही जा. मी राहते आज.”

“कपडे?” सविता म्हणाली.

“तिचं लुगडं नेसेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या मुक्कामी गाडीने त्या धुळ्याला परतल्या. भिकुबाईने रात्री आपणहून तो विषय काढला नव्हता. विचारलं ते कोकिळाबाईंनीच, अंधारात, छताकडे बघत. आई शेवटी माझं नाव घेत होती का? भिकुबाईने कूस बदलली. “नही व. ती निजेल व्हती. तू ऱ्हाती तरी निजेलच ऱ्हाती.” आणि दोन मिनिटांत ती घोरायला लागली. चौतीस वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंच होतं, आई झोपेतच होती, हे कोकिळाबाईंना पटायला उजाडलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर दिवसाच्या दोन्ही फेऱ्या बंद झाल्या. कोकिळाबाई मग मंगळवारी संध्याकाळी सहाच्या मुक्कामी गाडीने जायला लागल्या आणि बुधवारी पहाटे परत. हिवाळ्यात एकदा गेल्या की दोन रात्री राहायच्या.

भिकुबाई दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत गेली, झोपेतच, पहाटे, गाडी गावाबाहेर पडायच्या आत. कोकिळाबाई शेजारच्या खाटेवर होत्या. कानबाईचं नारळ चुलतभावाच्या घरी गेलं. घर आता गावातल्या एका शिक्षिकेने भाड्याने घेतलं आहे.

शालिग्राम सर सहा महिने कोकिळाबाईंशी नीट बोलले नाहीत. मग त्यांनी धुळ्याहून बसने जाता येतील अशा चौदा डोंगरांची एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली. खैरदऱ्याची बरडी तिच्यात आहे, टाक्यासकट. बसच्या वेळा मात्र वर्षभरातच निम्म्या चुकीच्या झाल्या आणि लोक सरांना रस्त्यातून फोन करू लागले. ते प्रत्येकाशी शांतपणे बोलतात.

सविताच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ती आता मुलाकडे, प्रशीलकडे, पहूरला असते. पहिले दोन महिने तिला कोणी घराबाहेर सोडलं नाही. तिसऱ्या महिन्यात ती कोणाला न सांगता फर्दापूरच्या गाडीत बसून गेली आणि संध्याकाळी परत आल्यावर सुनेची बोलणी खाल्ली. भाईदास ड्रायव्हर निवृत्त झाला. दिपमालाची बदली झाली. ती जळगाव-सावदा गाडीवर असते, त्या गाडीत उभं राहायला जागा नसते. चष्म्यातल्या माणसाचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

कोकिळाबाई देवपुरातच आहेत. सुरतेला जात नाहीत. शनिवारी मंडळींबरोबर लळिंगला, सोनगीरला जातात, अर्ध्यापर्यंत चढतात आणि दगडावर बसून राहतात. मंगळवारी दुपारी चारनंतर मात्र त्यांना घरात थांबवत नाही. पांझरेच्या पुलापर्यंत जातात, परत येतात, चहा टाकतात, तो उभ्यानेच पितात आणि पुन्हा चप्पल घालतात.